शेवंताबाईंची खिडकी

मला कुठंही झोप लागते. लग्नाच्या मांडवात, दातांच्या डॉक्टरकडं, शाळेच्या पालकसभेत, आणि एसटीत तर हमखास. त्यामुळं औंढा नागनाथला उतरायचं सोडून मी थेट हिंगोलीच्या बसस्थानकावर जागी झाले, तेव्हा मला स्वतःचं फारसं नवल वाटलं नाही. कंडक्टर मात्र दुखावला होता.

"बाई, औंढ्याला केवढा आवाज दिला तुमाला! तुमी मान हलवली. मला वाटलं, देवाला जायचा बेत बदलला तुमचा."

हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण हा सगळा प्रवास मावशीनं अर्धवट झोपेत केला असं राधिका म्हणते, आणि ते बरंचसं खरं आहे. राधिका माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आर्किटेक्ट झाली, काही वर्षं पुण्यात लोकांच्या बाल्कन्यांचे नकाशे काढत बसली, आणि मग एका छोट्याशा संस्थेबरोबर इकडं येऊन तांड्यावरची कोंदट, पडकी घरं राहण्याजोगी करायला लागली. "नवं घर बांधत नाही गं मावशी, आहे तेच सुधारतो," असं फोनवर सांगायची. मी गुहागरकडची. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं उतरतं कौलारू छप्पर आणि मागची पोफळीची बाग येते. भिंती त्याच ठेवून घर सुधारतात म्हणजे नेमकं काय करतात, ते बघायला मी ऐन फाल्गुनात निघाले होते.

औंढा

उलटी गाडी धरून औंढ्याला आले तेव्हा दुपार कलायला लागली होती. राधिका स्कूटरवर बसून उसाचा रस पीत होती. तिनं मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, नुसती हसली. ते जास्त लागलं.

नागनाथाचं देऊळ बाहेरून मन भरेपर्यंत पाहिलं. काळ्या दगडात कोरलेले हत्ती ओळीनं भिंतीला फेर धरून निघालेले. शिकवत होते तेव्हा मुलांना हत्तीचा पाय काढायला शिकवताना माझी दमछाक व्हायची, आणि इथं कुणा कारागिरानं तो न थकता पुन्हापुन्हा काढलेला. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. खाली अंधार, बेलाचा वास, आणि असा गारवा की गर्दी नसती तर मी तिथंच भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले असते. राधिकानं माझा दंड धरून मला वर आणलं.

तिथून तांड्याकडं स्कूटरवर. डोंगर उघडे पडलेले, पण पळस पेटल्यासारखा फुललेला. आणि शेताशेतातून पांढरी वाफ वर चढत होती. आधी मला वाटलं कुठं तरी आग लागली. राधिका म्हणाली, हळद शिजतेय. शेताच्या कडेला मोठाली लोखंडी पिंपं, खाली जाळ, आणि झाकण उघडलं की अख्खा माणूस दिसेनासा होईल एवढी वाफ. उकडलेली हळद जमिनीवर पसरत होते. बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे, पायांच्या टाचा पिवळ्या, रस्त्याकडेला झोपलेलं कुत्रंसुद्धा एका बाजूनं पिवळं. आमच्याकडं हळद म्हणजे परसात लावलेली चार रोपं, त्यांची पानं श्रावणात पातोळ्यांना लागतात म्हणून. इथं हळदीचा समुद्र आणि पानाला कुणी विचारत नाही. हे मी नंतर, ज्यांच्या घरी उतरले त्या शेवंताबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना. "पान खाता?" त्या म्हणाल्या. "म्हशीवाणी?"

खात नाही, पानात पीठ थापून वाफवतो, असं मी समजावलं. त्यांचं समाधान झालं असं काही दिसलं नाही.

तांडा

बंजाऱ्यांचा हा तांडा गावापासून जरा बाजूला, उतारावर आहे. या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडायचे. आता सगळे शेतकरी. शेती पुरत नाही त्या वर्षी ऊसतोडीला जातात. मी गेले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. शेवंताबाईंचे मालकही कारखान्यावर गेलेले. शेवंताबाई मात्र यंदा गेल्या नव्हत्या, आणि का गेल्या नव्हत्या ते त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनीता, डोंगरकडा गावाकडच्या एका तांड्यावर दिलेली. तिला आठवा महिना लागला होता. "पयलं बाळंतपण मायेकडंच असतंय, मावशी," त्या म्हणाल्या. राधिकाची मावशी ती सगळ्या तांड्याची मावशी, हे मी पोचल्यापोचल्याच ठरून गेलं होतं. "डिलेवरी दवाखान्यातच करायची, त्याचं काही न्हाई. पर तिथून घरी आणायची ना, सव्वा महिना? आन् तिची सासू म्हणून राहिली, आधी मी घर बघते. पटलं तर ठिवते, न्हाई तर आल्या पावली पोरगी घिऊन जाते."

"असं तोंडावर म्हणाल्या?"

"फोनवर. दिवाळीला आल्या होत्या तवा उंबऱ्यातच बसल्या. आत पाय ठिवला न्हाई. च्या बी न्हाई घेतला." शेवंताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "त्यांचं स्लॅबचं घर हाय. आमचं हे असलं. काहून बसतील?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानं नव्हे, कारण धूर आता धुराड्यातून बाहेर जात होता. हे धुराडं राधिकाचं. शेवंताबाईंच्या घराचं काम तिनं संक्रांतीच्या सुमाराला धरलं होतं. पूर्वी हे घर कसं होतं ते कळायला शेजारचं घर पुरेसं होतं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर दगड, आणि एक दार. बस्स. दार लोटलं की भर दुपारी आत दिवा लावावा लागतो, आणि चूल पेटली की डोळे चोळत बाहेर यावं लागतं.

शेवंताबाईंच्या भिंती त्याच होत्या. पण पत्रा हातभर वर उचललेला, त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, छतावर मातीचा जाड लेप. पत्रा आणि छत यांच्यामधून वारा इकडून तिकडं जातो, त्यामुळं पत्रा तापला तरी ताप खाली उतरत नाही. भिंतींच्या माथ्याला झरोके. मागं फरशीची न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी वांग्याच्या वाफ्यात सोडलेलं. पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी, माझ्या दोन हातांएवढी रुंद. गज बसले होते, लाकडी झडपा यायच्या होत्या. तांड्यावरची बायामाणसं येता जाता त्या खिडकीतून आत डोकावायची. कोणी त्यातून निरोप सांगायचं, कोणी ताकाचं भांडं द्यायचं. दार उघडं असलं तरीसुद्धा खिडकीतूनच.

"याडीनं फोटो धाडला खिडकीचा," असं सुनीता फोनवर सगळ्यांना सांगते, हे मला राधिकानं सांगितलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. फोनवर ती रडायची आणि एकच म्हणायची, याडी, घर कर, मला यायचंय. तेवढ्यासाठी शेवंताबाईंनी महिनाभर स्वतः माती तुडवली होती.

त्या संध्याकाळी मी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. भाताची सवय असलेल्या माझ्या पोटाला ती भाकरी पुरून उरली. अंगणात बाजेवर पडले. समोर हळदीचा ढीग, वर चांदण्या. शेवंताबाई अजून काही तरी बोलत होत्या आणि मी हो हो म्हणत होते. कशाला हो म्हटलं ते सकाळी कळलं.

झोपेची परीक्षा

मी घराची परीक्षा घेणार, असं ठरलं होतं. राधिकाजवळ तापमान मोजायचं यंत्र होतं, त्यावर ती आकडे बघायची. पण शेवंताबाईंचा आकड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. "आकडा निजतो का?" त्यांनी विचारलं. "माणूस निजतं. मावशी, तुमी दुपारी आत निजा अन् सांगा खरं खरं."

या कामाला माझ्याइतकं लायक माणूस उभ्या जिल्ह्यात सापडलं नसतं. तुलना बरोबर व्हावी म्हणून आधी मी शेजारच्या, न सुधारलेल्या घरात आडवी झाले. आणि मला झोप आली नाही. मला! पत्रा तडतडत होता, डोक्यावर कुणी तरी तवा धरलाय असं वाटत होतं, घामानं उशी ओली झाली. शेवटी उठून बसले. त्या घरातली सून दाराशी लेकराला पदरानं वारा घालत होती. ती म्हणाली, "आमी दुपारी निंबाखाली असतो मावशी. घर रातचं." घरात दुपारी राहायचंच नसतं हे तिनं अगदी सहज सांगितलं.

मग शेवंताबाईंकडं. न्हाणीत रहीमचाचा फरशीच्या फटी भरत होते. ते जवळा बाजारचे गवंडी. त्यांच्या घरात आजोबापणजोबांपासून हेच काम चालत आलेलं, आणि वाक्य मराठीत सुरू करून ते कधी दखनीत संपवतील याचा नेम नसतो. मला बाजेवर पाय ताणताना पाहून ते म्हणाले, "निवांत निजा मावशी. छत गिरा तो मेरा नाम बदल देना."

मी डोळे मिटले. खिडकीतून हळदीच्या वाफेचा वास येत होता, आधी मातीचा आणि मग हळूहळू औषधाचा. कुठं तरी लांब ट्रॅक्टरवर वाळलेली हळद ओतत होते, तिचा खळखळाट मला कौलांवरच्या पावसासारखा ऐकू आला. मग मी गुहागरच्या माजघरात होते. आई उखळाशी बसली होती आणि तिचे हात पिवळे होते. मी म्हटलं, आई, तू हिंगोलीला कधी आलीस? ती म्हणाली, मी कुठं आले, तूच खिडकी उघडी ठेवलीस. त्यानंतरचं आठवत नाही. जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून कलून गेलं होतं आणि दारात, खिडकीत मिळून निम्मा तांडा मला बघत उभा होता.

"घोरल्या!" शेवंताबाई सगळ्यांना सांगत होत्या. "मावशी घोरल्या!"

एवढी दाद मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. त्या दिवशीच त्यांनी डोंगरकड्याला फोन लावला. विहीणबाई सुनीताला घेऊनच येणार होत्या, म्हणजे पटलं तर लगेच ठेवता येईल. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत येतो असं ठरलं.

जवळा बाजार

बाजाराच्या दिवशी सकाळी मी आणि राधिका खिडकीच्या झडपा आणायला जवळा बाजारला गेलो. सुताराच्या दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, तो साडूच्या मुलीच्या लग्नाला गेलाय, परवा येईल. राधिकाचा चेहरा उतरला. "मावशी, झडपांशिवाय खिडकी म्हणजे नुसतं भोक दिसतं गं," ती म्हणाली. "त्या बाईंनी त्यावरून काही काढलं तर?"

मी तिला चहा पाजला. मग आम्ही बाजार हिंडलो. सोयाबीनच्या, हरभऱ्याच्या राशी, मिरच्यांची पोती, शेळ्यांचा कलकलाट, आणि एका म्हाताऱ्या चाचींच्या दुकानात बांगड्यांचे ढीग. मला बांगड्या भरताना चाचींनी कुठून आलात, कशाला आलात, सगळं काढून घेतलं आणि शेवटी निर्णय दिला, "बाळंतिणीच्या घरी जाऊन राहिल्या ना? तिच्या हातात भरा, तुमाला काय करायच्या!" तेव्हा सुनीतासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. ओवा, बाळंतशोपा, डिंक घेतला. कोकणात असते तर नारळ घेतला असता. इथं मी तो शोधला आणि पूजेचा एवढासा वाळका नारळ बघून परत ठेवला.

ऊन चढलं तशा आम्ही परत निघालो. शेवंताबाईंच्या घरासमोर राधिकानं करकचून ब्रेक लावला.

खिडकी नव्हती. म्हणजे भिंत होती, गज होते, पण गजांच्या आत कापसानं गच्च भरलेलं पोतं ठोसलेलं होतं. वर बघितलं तर झरोकेही कापसाच्या बोळ्यांनी बंद. शेवंताबाई अंगणात सडा घालत होत्या. नवी साडी, केसांना तेल, आणि चेहरा असा की परीक्षेला बसल्यात.

"काकू, हे काय केलंत?" राधिका जवळजवळ ओरडली.

"बाळंतिणीच्या खोलीला भोक ठिवतात का कुठं?" शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "फळ्या येतील तवा येतील. आज विहीणबाई बघतील ना? म्हणतील, या बाईला एवढं बी कळंना, लेकराला वारं लागंल. म्या समदं नीट केलं. धुरी बी दिऊन ठिवली."

आत निंबाच्या पाल्याची आणि ओव्याची धुरी धुमसत होती. नव्या बाळाच्या खोलीत द्यायची धुरी, आगाऊ आणि भरपूर. तो धूर वर छतापर्यंत चढून तिथंच थांबला होता. ज्या खोलीत मी घोरले होते तिथं मला क्षणभर उभं राहवेना.

माझ्या आईनंही माझ्या बाळंतपणात खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही समजूत गुहागरला होती तशीच इथंही. त्यामुळं शेवंताबाईंचं चुकलं असं मला तोंड वर करून म्हणता येईना. राधिकाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. इतके आठवडे जी हवा आणायला ती झटली, ती हवा पाहुण्यांच्या मानासाठी बंद करून ठेवली होती. ती पोत्याला हात घालणार तेवढ्यात जीपचा आवाज आला. शेवंताबाईंनी तिचा हात धरला. "ताई, आजच्या दिवस मपलं ऐका."

विहीणबाई

जीपमधून आधी एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उतरल्या. मागं हात देऊन त्यांनी सुनीताला उतरवलं, अगदी जपून. सुनीता घामानं डबडबली होती, पण आईला बघून तिचा चेहरा जो फुलला, तो बघून मला भरून आलं. तिची बॅग आणि गाठोडं जीपमध्येच राहिलं. "राहू दे," विहीणबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. ते सगळ्यांनी ऐकलं.

दोघी विहिणी आपल्या बोलीत काही तरी बोलल्या. पाणी झालं, गुळाचा खडा झाला. मग विहीणबाई उठल्या, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. आम्ही मागोमाग. शेवंताबाईंनी दार पुढं लोटलं, खोली कशी बंदिस्त आहे ते कळावं म्हणून.

आत काळोख, उकाडा आणि धूर. कुणी तरी खोकलं. विहीणबाईंनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. मग मराठीत, म्हणजे राधिकालाही कळावं म्हणून, त्यांनी विचारलं, "खिडकी कुठाय?"

"हाय ना," शेवंताबाई घाईनं म्हणाल्या. "बुजवली. नीट बुजवली. लेकराला वारं लागायचं न्हाई बघा, विहीणबाई, काडीचं बी न्हाई."

"झरोके?"

"ते बी."

विहीणबाईंनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं त्यांना भोवळ आली. राधिका पुढं झाली. पण त्या खाली बाजेवर बसल्या आणि अंधारातच बोलायला लागल्या. आवाज असा, की जणू शेतातलं काही तरी सांगत असाव्यात.

"मपलं पयलं लेकरू असल्याच खोलीत गेलं. श्रावण होता. खोली समदी बुजवलेली, शेगडी पेटलेली, धुरी चालू. आमच्या सासूनं समदं रीतीनं केलं, तिला दोष न्हाई देत मी. तिला तरी काय ठावं. लेकरू रडलं बी न्हाई. मला वाटलं निजलंय. म्या बी निजले." त्या थांबल्या. "तवापास्नं मी धुराच्या घरात बसत न्हाई. दिवाळीला इथं बसले न्हाई ते त्याच्यापायी. लोकं म्हणली, स्लॅबचा ताठा आलाय. म्हणू दे. कोणाकोणाला सांगत बसू?"

बाहेर जीपमधलं गाणं चालू होतं.

"सुनीता म्हणली, आमच्या घराला खिडकी झाली, धूर निघून जातो. म्हणून तिला घिऊन आले," विहीणबाई म्हणाल्या. "न्हाई तर आणलीच नसती."

शेवंताबाई इतका वेळ दाराला चिकटून उभ्या होत्या. मी त्यांचा चेहरा बघितला नाही, बघायचं धाडस झालं नाही. त्या एकदम पुढं गेल्या आणि दोन्ही हातांनी पोतं ओढायला लागल्या. गजांत ते पक्कं बसलेलं. विहीणबाई उठल्या आणि त्यांनीही हात लावला. दोघींनी मिळून हिसका दिला तसं पोतं फाटलं, दोघी मागं बाजेवर कोसळल्या, आणि खोलीभर कापूस उडाला. उजेड आत आला. कापसाचे पुंजके उजेडात तरंगत होते, त्यांच्यामधून धूर हळूहळू खिडकीकडं निघाला आणि बाहेर पळसाच्या दिशेनं गेला. राधिका स्टुलावर चढून झरोक्यांतले बोळे काढत होती आणि खाली टाकत होती. सगळ्यांत आधी सुनीता हसली. मग विहीणबाईंच्या डोक्यावर अडकलेला कापूस बघून शेवंताबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. विहीणबाईंनी त्यांना जवळ ओढलं. त्या पुन्हा आपल्या बोलीत बोलल्या. काय ते मला कळलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

"वाऱ्याचं पण खरं हाय," थोड्या वेळानं विहीणबाई राधिकाला म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या हाव ताई, पर ओल्या बाळंतिणीच्या अंगावर थेट वारं बरं न्हाई. जुनं लुगडं लावा खिडकीला. वारं अडतंय, हवा अडत न्हाई. धुरी द्यायची तर चुलीपाशी, धुराड्याखाली."

राधिकानं हे मान्य केलं. शेवंताबाईंनी ट्रंकेतून एक विटलेलं मऊ लुगडं काढलं, मी तिथल्या तिथं त्याला दोरी ओवायला पट्टी दुमडून टाके घातले. लुगडं खिडकीवर चढलं. उजेड त्याच्यातून जांभळट होऊन आत यायला लागला आणि लुगडं मधूनमधून आत फुगायचं, परत बसायचं.

"आता बघू द्या घर," विहीणबाई म्हणाल्या आणि बाजेवर आडव्या झाल्या. पाय ताणले, पदर डोळ्यांवर घेतला.

आम्ही बाहेर आलो. त्या दोन घटकांत उठतील असं वाटलं होतं. सुनीतानं निंबाखाली बसून आईच्या हातची भाकरी, ठेचा आणि कैरीच्या फोडी खाल्ल्या, पुन्हा मागून घेतल्या. मी तिला बांगड्या भरल्या. ड्रायव्हर कंटाळून हळदीच्या ढिगाशी जाऊन बसला. त्यानं जीप सुरू करून सावलीत घ्यायचं म्हटलं तर शेवंताबाईंनी त्याला असा हात केला की तो गप्प खाली उतरला. पलीकडच्या शेतात झाकण उघडून वाफ सोडताना मोठा आवाज होतो, तर तिथल्या माणसांनाही कुणी तरी जाऊन थांबवून आलं. सगळा तांडा एका बाईच्या झोपेसाठी कुजबुजत होता. शेवंताबाई दाराबाहेर उकिडव्या बसून कान देत होत्या. त्यांच्या लेकीचं काय व्हायचं ते आत ठरत होतं आणि त्यांना आत डोकावता येत नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा विहीणबाई दारात आल्या. गालावर सुतळीचे वळ उमटलेले. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. सरळ जीपपाशी गेल्या, गाठोडं खांद्यावर मारलं, बॅग हातात घेतली आणि दोन्ही स्वतः आत नेऊन ठेवलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "च्या टाका. दिवाळीचा बी राहिलाय."

निघताना

जीप संध्याकाळीच परत पाठवून विहीणबाई रात्री तिथंच राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या एसटीनं डोंगरकड्याला परतल्या. माझी एसटी नंतरची होती. सुनीताचा निरोप घ्यायला म्हणून मी दाराशी गेले, तर शेवंताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आत सुनीता कुशीवर झोपली होती, एक हात पोटाखाली, बांगड्या मनगटाशी सरकलेल्या, तोंड किंचित उघडं. झोपेतल्या माणसांबद्दल मला जरा जास्तच कळतं, म्हणून सांगते, ती झोप खरी होती. लुगड्यातून येणारा उजेड तिच्या पायांपर्यंत पोचला होता.

"कालपास्नं निजून राहिली," शेवंताबाई कुजबुजल्या. "मधी उठली, दूध पिली, फिरून निजली. म्हणती, याडी, लग्न झाल्यापास्नं मी झोपच घेतली न्हाई. तिकडं पहाटंच उठावं लागतं, पाणी, भाकरी, रान. मला ठावंच नव्हतं, मावशी."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे तळवे अजून हळदीनं पिवळे होते. मला बोलायचं होतं, पण बोलले असते तर आवाज झाला असता. मी नुसती मान हलवली.

राधिकानं स्कूटर काढली. किल्ली लावली आणि परत काढून घेतली. मग आम्ही दोघींनी ती ढकलत, दगडांवरून सांभाळत, पार शेवटच्या घरापलीकडं नेली, आणि रस्त्यावर पोचल्यावरच सुरू केली.